दहाचा चौरस : श्रीखंडे, माँट्रियलचा नकार आणि सिद्धतेच्या मर्यादा

न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर गणिताची बातमी सहसा येत नाही. २६ एप्रिल १९५९ च्या रविवारी ती आली. लेओनहार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाची १७८२ साली प्रसिद्ध झालेली एक अटकळ १७७ वर्षांनी साफ चुकीची ठरली होती, आणि ती चुकीची ठरवणाऱ्या तिघांत दोघे भारतीय होते. राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर ही ती तीन नावे. ऑयलरचा खेळ बिघडवणारे त्रिकूट म्हणून ते पुढे ओळखले गेले. यातले श्रीखंडे आपले मराठी. आपल्या घरांतल्या मुलांना रामानुजन ठाऊक असतात, आर्यभट ऐकून माहीत असतो. पण श्रीखंडे म्हटले की त्यांना वाटी आणि पुऱ्याच आठवतात. यात मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना कधी सांगितलेले नाही.

आम्ही रसायनशास्त्राचे. गणित आमच्या हातातले हत्यार आहे, घर नव्हे. रविवारच्या मराठी वर्गात मुलांना श्रीखंडे यांची ओळख करून द्यावी एवढ्याच हेतूने वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आले की त्यांच्या दहाच्या चौरसापासून निघालेला धागा माँट्रियलला जातो, तिथून आपल्या टोरोंटोच्या सेंट जॉर्ज कॅम्पसवर येतो आणि शेवटी ४०१ वरून तासाभराच्या अंतरावरच्या वॉटर्लूला पोहोचतो. वाटेत एक जुना प्रश्न पुनःपुन्हा भेटतो : एखादी गोष्ट 'सिद्ध झाली' असे म्हणण्याचा हक्क माणसाला नेमका कधी मिळतो? आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांना हा प्रश्न रोजचा आहे. गणितवाल्यांना तो पडत नसावा असे आम्ही समजत होतो.

आधी कोडे समजून घेऊ. समजा गणेशोत्सवासाठी मंडळाला नऊ स्वयंसेवक मिळाले. तीन मिसिसागाचे, तीन स्कारबरोचे, तीन ब्रॅम्प्टनचे. प्रत्येक गावच्या तिघांपैकी एकाकडे स्वयंपाक, एकाकडे सजावट, एकाकडे खुर्च्या. या नऊ जणांना तीन ओळी आणि तीन रांगा अशा चौरसात उभे करायचे. अट अशी की प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत तिन्ही गावे यावीत आणि तिन्ही कामे यावीत. गावांना क, ख, ग म्हणू आणि कामांना १, २, ३ :

क१  ख२  ग३
ख३  ग१  क२
ग२  क३  ख१

ताडून पाहा. अक्षर कोठेही एका ओळीत दोनदा नाही, आकडा दोनदा नाही, आणि नऊच्या नऊ जोड्या वेगवेगळ्या आहेत. अक्षरांचा एक चौरस आणि आकड्यांचा दुसरा, असे हे दोन 'लॅटिन चौरस' एकमेकांवर बसले आहेत. गणितात अशा दोन चौरसांना परस्पर लंब म्हणतात. तीनचा चौरस जमला, चारचा जमतो (पत्त्यांतले एक्के, राजे, राण्या आणि गुलाम घेऊन बसल्यास एका संध्याकाळी सुटतो), पाचचाही जमतो.

सहाचा मात्र जमत नाही. ऑयलरने हेच कोडे सहा पलटणी आणि सहा हुद्दे घेऊन छत्तीस अधिकाऱ्यांचे म्हणून मांडले. आपल्याकडे मार्कहॅम, एटोबिको आणि नॉर्थ यॉर्क यांची भर घालून छत्तीस स्वयंसेवक उभे करावेत, तरी ते उभे राहणार नाहीत. ऑयलरला सहाचे उत्तर सापडले नाही, आणि त्याने अटकळ बांधली की सहा, दहा, चौदा, अठरा अशा, म्हणजे चाराने भागल्यास दोन उरणाऱ्या, कोणत्याही संख्येला असा चौरस नसणार. सहापुरते त्याचे म्हणणे १९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच गृहस्थाने सिद्ध केले. ते अल्जीरियात सरकारी नोकरीत होते आणि गणित हा त्यांचा फावल्या वेळेचा उद्योग होता. सहाच्या लॅटिन चौरसांची नेटकी मांडणी केली तर ९,४०८ प्रकार होतात. तारींनी त्यांची गटवारी केली आणि एकेक गट हाताने तपासून निकालात काढला. कागद, लेखणी आणि चिकाटी, एवढ्यावर झालेले हे काम आहे. सगळ्या शक्यता मोजून संपवणे ही सिद्धतेची सर्वांत कंटाळवाणी पण सर्वांत प्रामाणिक जात. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

हा सगळा खेळच आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांसाठी लॅटिन चौरस वापरात आणले. एका शेताचा एक कोपरा पाणथळ, दुसरा खडकाळ. पाच खतांची तुलना करायची तर प्रत्येक खत प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रांगेत एकेकदा यावे, म्हणजे जमिनीचा गुणदोष खताच्या नावावर जमा होत नाही. आम्ही रसायनवाले तापमान, वेळ आणि द्रावक बदलून प्रयोग आखतो तेव्हा याच युक्तीची धाकटी भावंडे वापरतो. बोस यांचा या विषयाशी संबंध आला तो कलकत्त्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेतून. पुढे ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपेल हिलला, प्राध्यापक झाले.

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागरला झाला. सागर हे बुंदेलखंडातले गाव. पेशवाईत ते गोविंदपंत बुंदेल्यांच्या अमलाखाली होते, त्यामुळे तिथल्या मराठी घरांना दोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. म्हणजे परमुलखात राहून मराठी टिकवण्याचा उद्योग आपण टोरोंटोत सुरू केला असे नव्हे. त्यांचे शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात झाले. पुढे चॅपेल हिलला बोस यांच्याच हाताखाली १९५० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ते नागपूरला परत येऊन शिकवू लागले. १९५८ मध्ये ते पाहुणे अध्यापक म्हणून पुन्हा चॅपेल हिलला गेले, आणि त्याच मुक्कामात ही गोष्ट घडली.

त्या काळी वारे ऑयलरच्याच बाजूने वाहत होते. कॅलिफोर्नियात स्वॅक नावाच्या कॉम्प्युटरला दहाचा एक चौरस देऊन त्याचा लंब जोडीदार शोधायला बसवले होते. शंभराहून अधिक तास चालूनही त्याला काही सापडले नाही. शक्यतांच्या डोंगरातली एखादी टेकडीही त्यात खोदून झाली नव्हती, तरी 'नसेलच बहुधा' या समजुतीला त्याने बळ मिळाले. इतक्यात पार्कर यांनी एकवीसच्या चौरसांबाबत एक जुना समज खोटा पाडला. पार्कर रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक विभागात नोकरीला होते. त्यांचे काम पाहून बोस आणि श्रीखंडे कामाला लागले आणि त्यांनी बावीसचा चौरस तयार केला. बावीस ही ऑयलरच्या यादीतली संख्या. अटकळ तिथेच कोसळली. लगेच पार्कर यांनी दहाचा चौरस रचला, आणि मग तिघांनी मिळून दाखवले की दोन आणि सहा सोडले तर ऑयलरच्या यादीतल्या प्रत्येक संख्येला चौरस आहे. सहाचा अनुभव पुढे ताणताना ऑयलरसारखा माणूस फसला. त्याच्या यादीतला सहा हाच अपवाद निघाला.

हा शोधनिबंध १९६० साली कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये आला. टोरोंटो विद्यापीठाचे सुप्रसिद्ध भूमितिज्ञ कॉक्सेटर हे त्या नियतकालिकाचे पहिले संपादक, आणि त्या वर्षांत ते छापले जाई युनिव्हर्सिटी ऑफ टोरोंटो प्रेसमधून. म्हणजे नागपूरकर श्रीखंडे यांचे सर्वांत गाजलेले काम आपल्या गावात छापले गेले. ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला उगाचच आनंद झाला.

पार्कर यांच्या दहाच्या चौरसाची प्रत काढून आम्ही वर्गात वाटली होती. (या पानांत ती देत नाही. झेरॉक्स केल्यावर शंभर जोड्यांतले तीन आणि आठ एकसारखे दिसू लागतात.) दहा-बारा वर्षांची मुले दोन-दोनच्या जोडीने बसली. एकाने ओळी तपासल्या, दुसऱ्याने रांगा, आणि ०० पासून ९९ पर्यंतच्या जोड्या कागदावर खोडत गेली. चहा व्हायच्या आत सगळ्यांचे काम संपले. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात तीनचा छोटा चौरस दडलेला आहे हे एका मुलीने न सांगता ओळखले. ज्या अटकळीवर १७७ वर्षे जगाचा विश्वास होता तिचे खंडन ग्रेड सहाच्या मुलाला पेन्सिलीने तपासता येते. त्यासाठी श्रीखंडे यांच्यावर, पार्कर यांच्यावर किंवा आमच्यावर विश्वास ठेवावा लागत नाही. 'आहे' म्हणणाऱ्याने वस्तू समोर ठेवली की वाद संपतो.

'नाही' म्हणणाऱ्याचे काय? इथून खरी अडचण सुरू होते.

दहाचे दोन लंब चौरस मिळाले. मग तीन मिळतील का, चार मिळतील का, असा प्रश्न ओघाने येतो. जास्तीत जास्त नऊ असू शकतात हे सहज सिद्ध होते. आणि नऊ असतील तर त्यांतून एक सुंदर वस्तू तयार होते : १११ बिंदू, १११ रेषा, प्रत्येक रेषेवर ११ बिंदू, प्रत्येक बिंदूतून ११ रेषा, आणि कोणत्याही दोन रेषा नेमक्या एका बिंदूत भेटलेल्या. तिला दहा कोटीचे प्रक्षेपीय प्रतल म्हणतात. (इथे 'कोटी' म्हणजे श्रेणी. शंभर लाखांशी तिचा संबंध नाही.) १९४९ साली ब्रक आणि रायसर यांनी एक चाळणी शोधली, तिच्यातून सहा, चौदा, एकवीस अशा अनेक संख्या बाद झाल्या. दहा मात्र सुटला, कारण दहा म्हणजे एकाचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग, आणि ती चाळणी अशा संख्यांना अडवत नाही. दहाबद्दल कोणतेच प्रमेय काही बोलेना.

माँट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात क्लेमेंट लॅम यांनी हे काम अंगावर घेतले. ते रायसर यांचेच विद्यार्थी. लॅरी थील आणि स्टॅन स्विएर्च हे त्यांचे सहकारी. बाकीचे काही मार्ग त्यांनी आणि इतरांनी आधीच बंद केले होते. शेवटी उरले ते असे : असे प्रतल असेलच, तर त्यात १९ बिंदूंची एक ठरावीक ठेवण नेमकी २४,६७५ ठिकाणी सापडली पाहिजे. मग त्या ठेवणीच्या प्रत्येक शक्य प्रकारापासून सुरुवात करून प्रतल पुरे होते का ते पाहायचे. कॉनकॉर्डियाच्या व्हॅक्स मशीनांना हे झेपणारे नव्हते. मोठ्या प्रकरणांसाठी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या एका संरक्षण-संशोधन संस्थेचा क्रे कॉम्प्युटर मिळाला, तोही रिकामा असेल तेव्हाच वापरायच्या अटीवर. दोन वर्षे ते काम असे तुकड्या-तुकड्यांनी चालले. क्रेचे सुमारे दोन हजार तास त्यात गेले. नोव्हेंबर १९८८ मध्ये उत्तर आले : नाही. १९८९ साली निबंध प्रसिद्ध झाला, तोही कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्येच.

डिसेंबर १९८८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने पुन्हा बातमी दिली, पण या वेळी तिचा सूर वेगळा होता. जी सिद्धता कोणत्याही माणसाला वाचून तपासता येत नाही तिला सिद्धता म्हणायचे का, असा प्रश्न त्यात होता. बारा वर्षांपूर्वी, १९७६ साली, नकाशा रंगवायला चार रंग पुरतात हे ॲपल आणि हाकेन यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने सिद्ध केले तेव्हाही असाच गलका झाला होता.

आम्हाला आदर वाटतो तो लॅम यांच्या वागण्याचा. त्यांनी स्वतःच सांगितले की आपला निकाल हा एक प्रायोगिक निकाल आहे आणि त्याची स्वतंत्र फेरतपासणी व्हायला हवी. क्रेसारखे मशीन हजार तासांत साधारण एकदा न कळणारी चूक करते, म्हणजे आपल्या दोन हजार तासांत दोन-तीन चुका झाल्या असणार, हेही त्यांनी लपवले नाही. त्यांचा बचाव असा की प्रतल असते तर ते एका नव्हे, हजारो वाटांनी हाती लागले असते. एखाद-दुसऱ्या वाटेवर मशीन चुकले म्हणून ते निसटण्याचा संभव फार थोडा. हा बचाव चांगला आहे. पण 'संभव फार थोडा' ही भाषा युक्लिडची नव्हे. ती आमची, प्रयोगशाळेतली भाषा आहे.

योगायोग असा की त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ मार्च १९८९ रोजी, युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेऊन थंड अणुमीलनाची घोषणा केली. पेल्यात वीज सोडून सूर्याची ऊर्जा! जगभरच्या प्रयोगशाळांनी तो प्रयोग करून पाहिला आणि कोणालाही तो भरवशाने जमेना. आमच्या जन्माच्या आसपासची ही गोष्ट, पण आजही आम्हाला विद्यार्थिदशेत ती इसापनीतीसारखी सांगितली जाते. दोन घोषणा, दोन्ही माणसांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल. एका बाजूने 'तपासा' असे आपणहून सांगितले, दुसऱ्या बाजूने आधी कॅमेरे बोलावले. शास्त्रातला फरक आम्हाला तरी इथेच दिसतो, रसायन आणि गणित यांच्या सीमेवर नव्हे.

या ठिकाणी एखादे सुशिक्षित गृहस्थ हमखास म्हणतात, 'अहो, गडेलने दाखवलेच आहे ना, की गणितात काहीच पक्के नसते!' स्नेहसंमेलनाच्या जेवणाच्या रांगेत आम्ही हे दोनदा ऐकले आहे. तसे नाही. जर्मनीतले हिल्बर्ट यांचे स्वप्न होते की सगळे गणित काही स्वयंसिद्धांवर आणि ठरलेल्या नियमांवर उभे करावे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाचा निकाल लागेल. ८ सप्टेंबर १९३० रोजी क्योनिग्सबर्गच्या भाषणात त्यांनी, न सुटणारा प्रश्नच नाही, असे ठणकावून सांगितले. आदल्याच दिवशी, त्याच गावात, एका परिषदेत चोवीस वर्षांच्या कुर्ट गडेलने हळू आवाजात उलटे सांगितले होते. १९३१ साली त्याचा निबंध आला. त्याचे म्हणणे असे : साध्या अंकगणिताइतकी ताकद असलेली, विसंगती नसलेली आणि नियम ठरलेले असलेली कोणतीही व्यवस्था घ्या, तिच्यात अशी विधाने असणारच जी तिला सिद्धही करता येत नाहीत आणि खोडताही येत नाहीत. 'काहीच पक्के नाही' असे त्याने म्हटलेले नाही. उलट त्याची स्वतःची सिद्धता अगदी पक्की आहे.

आणि दहाच्या चौरसाला गडेलची ही मर्यादा लागूच होत नाही. १११ बिंदूंच्या मांडण्या कितीही झाल्या तरी मोजक्या आहेत. सगळ्या तपासल्या की उत्तर हाती येणारच, नियमाने. इथे भिंत वेगळी आहे : आयुष्य पुरत नाही. ही दुसरी मर्यादाही गडेलला दिसली होती. २० मार्च १९५६ रोजी त्याने आजारी असलेल्या जॉन फॉन नॉयमन यांना एक पत्र लिहिले. त्यात विचारले होते की अमुक लांबीची सिद्धता आहे की नाही हे शोधायला मशीनला किती पावले लागतील. लांबीच्या मानाने ती थोडीच वाढतील, की भराभर फुगत जातील? फॉन नॉयमन पुढच्या फेब्रुवारीत वारले. ते पत्र तीस वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हते.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९७० साली स्टीफन कुक नावाचा तिशीतला अध्यापक टोरोंटो विद्यापीठात आला. बर्कलेला त्याला कायम नेमणूक मिळाली नव्हती. (नोकरी न मिळाल्याने कॅनडाच्या वाट्याला आलेली माणसे आपल्या मंडळातही कमी नाहीत.) दुसऱ्याच वर्षी, मे १९७१ मध्ये, त्याने ओहायोतल्या एका परिषदेत एक छोटा निबंध वाचला. विषय होता प्रमेये सिद्ध करण्याच्या पद्धती किती अवघड असतात हा. गडेलच्या पत्राची त्याला कल्पना नव्हती, पण प्रश्न जवळजवळ तोच होता.

तो प्रश्न घरगुती भाषेत असा सांगता येईल. लग्नाची आमंत्रणे करायची आहेत. मामा आले तर काका येणार नाहीत. आत्या किंवा मावशी यांपैकी एक तरी हवीच. मावशी आली तर शेजारच्या वहिनींना बोलावलेच पाहिजे, पण वहिनी आणि मामा एकत्र नकोत. अशा पाचपन्नास अटी. सगळ्या पाळणारी एकही यादी निघते का? कोणी तयार यादी आणून दिली तर ती तपासणे दोन मिनिटांचे काम. पण यादी निघतच नाही, हे कसे पटवणार? तीस पाहुणे असले तरी याद्या शंभर कोटींच्या वर जातात, आणि प्रत्येक नव्या पाहुण्याबरोबर दुप्पट होतात. कुकने दाखवले की वेळापत्रके, कोडी, चौरस, सिद्धतांचा शोध असे ज्यांचे उत्तर तपासायला सोपे आहे ते झाडून सगळे प्रश्न या एका 'यादी'च्या प्रश्नात बदलता येतात. हा एक झटपट सोडवायची युक्ती मिळाली तर सगळेच सुटले. अशी युक्ती आहे की नाही? १९८२ साली कुक यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, २००० साली क्ले संस्थेने या प्रश्नाला दहा लाख डॉलरचे बक्षीस लावले, आणि अजून ते कोणी नेलेले नाही. बहुतेक जाणकारांना वाटते की युक्ती नाही. पण इथेही तेच : 'नाही' सिद्ध कोण करणार?

कॉलेज स्ट्रीटजवळच्या सँडफर्ड फ्लेमिंग इमारतीत वर्षानुवर्षे कुक यांची खोली होती. मुलांना डाउनटाउनला नेतो तेव्हा आपण सी. एन. टॉवर दाखवतो. ही इमारत दिसायला काही विशेष नाही, तरी एकदा दाखवावी.

गंमत अशी की कुक यांनी ज्या प्रश्नाला अवघडांचा मेरुमणी ठरवले, तोच सोडवणारी मशीनसूत्रे पुढच्या पन्नास वर्षांत भलतीच हुशार झाली. सगळी लग्ने नाहीत, पण पुष्कळशी ती जमवतात. २०२० च्या सुमारास वॉटर्लू, कार्लटन आणि विल्फ्रिड लॉरिए या आपल्या ओंटारियोतल्या विद्यापीठांशी संबंधित पाच संशोधकांनी (कर्टिस ब्राइट, केव्हिन चंग, ब्रेट स्टीव्हन्स, इलियास कोत्सिरियास आणि विजय गणेश) लॅम यांचा प्रश्न घेतला, त्याचे या 'यादी'च्या भाषेत रूपांतर केले आणि तो नव्याने सोडवला. २०२१ साली ते प्रसिद्ध झाले. मशीनने नुसते 'नाही' म्हणून थांबायचे नाही, तर प्रत्येक 'नाही'बरोबर पावलापावलाचा दाखला लिहून द्यायचा, आणि तो दाखला दुसऱ्या, अगदी साध्या मशीनसूत्राने तपासायचा, अशी ही रीत. निष्कर्ष लॅम यांचाच कायम राहिला. मात्र या तपासात असेही आढळले की लॅम यांच्या शोधात आणि २०११ साली ऑटवात झालेल्या एका फेरतपासणीत, दोन्हींत, काही आकडे जुळत नव्हते. उत्तर बरोबर होते, पण हिशेबात फटी होत्या. तीस वर्षे ते कोणाला कळले नव्हते, कारण कळण्याची सोयच नव्हती.

आपल्या परंपरेत सिद्धतेला उपपत्ती म्हणत. भारतीयांनी नुसते नियम दिले, उपपत्ती दिल्या नाहीत, असे पाश्चात्त्य पुस्तकांतून आम्हीही वाचले होते. ते खरे नाही. कोकणात नांदगावला राहणारे गणेश दैवज्ञ, ज्यांचे 'ग्रहलाघव' पंचांगकर्त्यांनी शतकानुशतके वापरले, त्यांनी १५४५ साली लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि तिच्यात नियमानियमाच्या उपपत्ती दिल्या. खुद्द भास्कराचार्यांनी उपपत्ती कशासाठी हेही सांगून ठेवले आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की तिच्याशिवाय गणकाला विद्वानांच्या सभेत मान मिळत नाही आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. दोन कामे : सभेला पटवणे आणि मनातला संशय घालवणे. आम्हाला हे सांगणे हिल्बर्ट यांच्या स्वप्नापेक्षा जास्त व्यवहारी वाटते. वॉटर्लूच्या दाखल्यांनी सभेचे काम बरेचसे केले. संशयही बहुतेक फिटला. पण दहाचे प्रतल का नसावे, हे आजही कोणाच्या ध्यानात आलेले नाही. दाखला वाचून 'अस्सं होय!' असे कोणी म्हणत नाही. आम्ही रसायनवाले अशा अवस्थेत वर्षानुवर्षे सुखाने राहतो. एखादा उत्प्रेरक चालतो एवढे पुरते, का चालतो ते नातवंडे शोधतील. गणितवाल्यांना ही सवय नवीन आहे आणि त्यांनी ती फार लवकर लावून घेऊ नये असे आम्हाला वाटते.

श्रीखंडे १९६० साली चॅपेल हिलहून परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठात आणि १९६३ पासून मुंबई विद्यापीठात ते होते. तिथला गणित विभाग त्यांनी उभा केला आणि १९७८ पर्यंत सांभाळला. १६ बिंदू आणि ४८ रेषांचा एक आलेख आज जगभर 'श्रीखंडे आलेख' या नावाने शिकवला जातो. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या १०३ व्या वर्षी, ते वारले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत ही बातमी आपल्यापर्यंत आलीही नाही.

त्यांनी १९६१ साली आणखी एक गोष्ट सिद्ध करून ठेवली होती, तिचा उपयोग पुढे झाला. दहाचे सात परस्पर लंब चौरस कोणाला मिळाले, तर त्यांचे नऊ करता येतातच, असे त्यांच्या प्रमेयातून निघते. ही सिद्धता कागदावरची आहे, कोणालाही वाचता येण्याजोगी. माँट्रियलचे मशीन म्हणाले की नऊ नाहीत. म्हणून श्रीखंडे यांच्या आधाराने सातही नाहीत आणि आठही नाहीत. दोन आहेत, ते आपल्या मुलांनी तपासले आहेत. तीन, चार, पाच आणि सहा यांचा निकाल अजून लागलेला नाही. तीनचा शोध अनेकांनी कॉम्प्युटरवर घेतला आहे. कोणाला सापडलेच, तर ते तीन कागद तपासायला आपला रविवारचा वर्ग पुरेल.